नाताळच्या गोठ्यात वारुळाची माती

१३ डिसेंबर, शनिवार
घरात बोलणं बंद. म्हणजे बायकोचं आणि सूनबाईचं. माझं चालू आहे, पण ऐकतंय कोण?

कारण वाडीच्या कोपऱ्यातलं वारूळ. सकाळी रोझलिनने नाताळच्या गोठ्यासाठी त्याची घमेलंभर माती काढून आणली. या घरातला तिचा पहिलाच नाताळ, बाळ येशूचा गोठा पडवीत मांडायची हौस. माहेरी, कोर्लईला, गोठ्यामागचा डोंगर खाडीच्या चिखलाचा करतात. इथे तिला ही चाळल्यासारखी मऊ माती दिसली. तिला काय ठाऊक की त्या वारुळाला आम्ही खुरपंसुद्धा लावत नाही. श्रावणात अळंबी येते ती तिथेच.

सुनंदा एवढंच म्हणाली, "आता न्हाय येनार." आणि आत गेली.

१४ डिसें., रवि.
अळंबीचे कायदे मला लग्नानंतर कळले. श्रावणात ढग गडगडले की सकाळी घरातली एकच बाई बघायला जाणार. तिने नाव घ्यायचं नाही, 'पावणे आले' म्हणायचं. बोट दाखवायचं नाही, दाखवलं तर परत जमिनीत जातात. सगळी खुडायची नाहीत, एक छत्री वारुळाला ठेवायची. हे कोणी ठरवलं म्हणून एकदा विचारलं होतं.
"सासूबायनी."
"आणि आईला कोणी सांगितलं?"
"तुमाला भाजी खायची हाय का न्हाय?"
भाजी खाल्ली. विषय मिटला.

जेवताना आमचा मुलगा निलेश म्हणाला, पनवेलला कंपनीजवळ खोली मिळतेय, जानेवारीपासून. रोझलिन ताटातला भात नुसता सारखा करत बसली. सु.ने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. ही दोघं गेली तर घरात उरणार आम्ही दोघं आणि टीव्ही.

१६ डिसें., मंगळ.
रिक्षाने पूल ओलांडून कोर्लईला गेलो. व्याही बास्त्यांव गोठ्याच्या जुन्या बाहुल्या या नाताळापुरत्या देणार होते. मेंढरं, गाय, नाक उडालेला एक राजा. तळाला प्लास्टरची लाल छत्री, वर पांढरे ठिपके.

"व्याही, येशूच्या गोठ्यात ही कुत्र्याची छत्री कशाला?"
"बाबांनी मुंबईवरून मेंढरं आणली, त्यांच्यासंगती फुकट आली. तवापासून ठेवतो. न्हाय ठेवली तर पोरं विचारतात, कुठं गेली."

अख्खं आयुष्य आगरदांड्याच्या जेटीवर तिकिटं फाडली, पण एवढं सरळ उत्तर कोणाकडून ऐकलं नाही. निघताना त्यांनी हळूच विचारलं, "पोर बरी हाय ना?" मी हो म्हणालो. ते माझ्याकडे बघतच राहिले.

१८ डिसें., गुरु.
मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. घट, कहाणी, बायका. रोझलिनने सगळी फळं चिरून दिली. सु.ने तिलाही हळदकुंकू लावलं, फळ दिलं, पण तोंडातून शब्द नाही.

बायका गेल्यावर म्हटलं, "माझी आई हे गुरुवार करत नव्हती."
"शेजारच्या बाईंनी पोथी दिली, तवापासून करते."
म्हणजे हेही मेंढरांबरोबर आलेलं. हे मोठ्याने म्हणालो नाही, उपासाच्या बाईशी वाद घालू नये.

२१ डिसें., रवि.
त्या लाल छत्रीचा किडा डोक्यात वळवळत होता म्हणून फोनवर शोधलं. पडवीत बसून मुद्दाम मोठ्याने वाचलं. दोघीही आपापल्या कामात, म्हणजे ऐकत होत्या.

तिकडे पार उत्तरेला, बर्फात, रेनडिअर पाळणारी माणसं. त्यांच्याकडे अशीच लाल अळंबी ठरावीक झाडांखाली येते. त्यांचा भगत ती गोळा करायचा, वाळायला झाडावर लटकवायचा, आणि ऐन थंडीत दार बर्फाने बुजलं की छपराच्या धुराड्यातून घरात उतरायचा. काही जण म्हणतात सांताक्लॉज, त्याचे लाल कपडे, सजवलेलं झाड, सगळं त्यातून आलं. खाली लगेच दुसरा म्हणतो, पुरावा काही नाही, गोष्ट मागाहून जुळवलेली. देव जाणे. मला आवडली.

रोझलिन म्हणाली, "बाबा, आमच्या फादरना नका सांगू हां."
सु. सुपातून मान वर न करता म्हणाली, "विषारी असल ती. पन त्यांचीबी जागा ठरलेली, बघा."
वाक्य कोणाला उद्देशून होतं ते कळलं नाही. 'बघा' होतं म्हणजे मलाच.

२३ डिसें., मंगळ.
रोझलिनने गोठ्याच्या डोंगरावर नाचणी पेरलीय, डोंगर हिरवा दिसावा म्हणून. कोंब आले. आज लवकर उठलो तर सु. तांब्या घेऊन गोठ्यापाशी. नाचणी सोडून ती उघड्या मातीवरच पाणी शिंपडत होती. मला बघून म्हणाली, "धूळ उडते."
धूळ. बरं.

नि. आज खोली बघून आला. खिडकीतून रस्ता दिसतो म्हणे.

२५ डिसें., गुरु.
नाताळ. दोघं चर्चच्या मिस्सासाठी कालच कोर्लईला गेलेली, रविवारी येणार होती. दुपारी बघतो तर रोझलिन दारात, डब्यात करंज्या. ते नेवऱ्या म्हणतात. दिवाळीच्या आमच्या आणि नाताळच्या त्यांच्या, सारण तेच. कोणी कोणाचं उचललं हे विचारायचा मोह आवरला.

सु.ने विचारलं, "एवढ्यात आलीस?" बारा दिवसांतलं पहिलं वाक्य.
"गोठ्याला पाणी कोण घालणार, आई?"
"घातलं मी. नाचनीला लागत न्हाय एवढं. मातीला लागतं. आतला जीव सुकला तर श्रावनात काय येनार?"
रोझलिन रडली. सु. म्हणाली, "आधी पाय धू, रस्त्यावरून आलीस." मीही उगाच पाय धुवायला गेलो, डोळे भरून आले होते.

६ जानेवारी, मंगळ.
आज तीन राजांचा सण, गोठा मोडायचा दिवस. बाहुल्या डब्यात गेल्या. माती घमेल्यात घेऊन दोघी वाडीत गेल्या, मी मागून, लांबूनच. सु.ने माती वारुळाच्या खड्ड्यात सोडली, दाबली नाही, हाताने नुसती सारखी केली. वर नारळाची झावळी.

"येतील का, आई?"
"कोन जानं. गडगडलं की बघायला तू जायचंस. मी न्हाय."

मी जागीच थांबलो. आईनंतर सुनंदा, आणि सुनंदानंतर कोण, हे इतक्या सहज वाडीत ठरेल असं वाटलं नव्हतं. आईने सुनंदाला हे सोपवलं ते अंथरुणाला खिळल्यावर.

संध्याकाळी पनवेलच्या खोलीवाल्याचा फोन आला. नि.ने रोझलिनकडे पाहिलं, ती लसूण सोलत होती. "कळवतो," म्हणाला.

७ जाने., बुध.
डबा परत द्यायचा म्हणून बाहुल्या तपासल्या. लाल छत्री नाही. वाडीत गेलो तर वारुळावर, झावळीच्या आडोशाला रोवलेली. एक छत्री वारुळाला ठेवायची, हे रोझलिनला सु.ने सांगितलं असेल किंवा कधी तिच्या कानावर पडलं असेल.

सु.ला दाखवली, बोट न दाखवता. तिने वाकून जरा सरळ केली आणि पदराला हात पुसले.

नि.ने अजून कळवलेलं नाही. मी विचारत नाही. पुढच्या नाताळला कोर्लईची पोरं विचारतील, छत्री कुठं गेली.