महाल दाखवले तो दिवस

आप्पा,

तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि तुमच्याशी बोलायचं राहिलं ते एकाच दिवसाबद्दल. त्या दिवशी सकाळी तुम्हाला कळलं होतं की माझा नवरा ब्रह्मदेशात लढाईत मेला. मला ते दिवस मावळताना कळलं. मधला अख्खा दिवस तुम्ही मला टांग्यात बसवून नगरचे महाल दाखवत हिंडलात. ही गोष्ट मी आईच्या, सासरच्यांच्या, गल्लीतल्या बायकांच्या तोंडून किती वेळा ऐकली, स्वतः मात्र कधी सांगितली नाही. रडूबिडू येत नाही आता. तेव्हाही फारसं आलं नव्हतं.

पहाटेच्या गाडीला तुम्ही स्टेशनावर टांगा लावायचात आणि उन्हं चांगली वर आल्यावर घरी यायचात. त्या दिवशी लवकर आलात, टांगा रिकामा. मी तेव्हा माहेरी होते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत हे रजा संपवून पलटणीत गेले, सासूबाईंचं आणि माझं पटेना, म्हणून तुम्हीच मला आणलं होतंत. तुम्ही परसात जाऊन आईशी काहीतरी बोललात आणि बाहेर येऊन म्हणालात, "चल गं, आज तुला महाल दाखवतो." मी बघतच राहिले. कँपातले साहेब आणि त्यांच्या मडमा तुमचा टांगा दिवसभरासाठी ठरवायच्या आणि जुने महाल, बागा बघत फिरायच्या. मलाही न्या म्हणून मी लहानपणापासून तुमच्या मागे होते. तुमचं उत्तर ठरलेलं. "सवारी भरल्यावर तुला काय माझ्या डोक्यावर बसवू?" आता लग्न झाल्यावर तुम्हाला हे कुठून सुचलं, काही कळेना. आईनं वर न बघता भाकऱ्या थापल्या, फडक्यात बांधल्या. "जा, ते म्हणत्यात तर जा," एवढंच बोलली. मला वाटलं, कामं टाकून चालले म्हणून फुगली असेल.

मी पुढे तुमच्याशेजारी बसायला गेले तर तुम्ही अडवलंत. "म्होरं न्हाई. मागं बस, सवारीवानी." बैठक खांद्यावरच्या पंच्यानं पुसून दिलीत. किल्ल्याकडे कडक पहारा होता, मोठे पुढारी आत ठेवलेले, म्हणून टांगा लांबूनच फिरवलात आणि चाबकानं दाखवलंत, तो खंदक, तो बुरूज. तिथून फराहबागेला गेलो. तळं कोरडं, गाळाला भेगा पडलेल्या, मधोमध तो पडका महाल, आत पारव्यांची घाण. मी म्हटलं, मडमेला सांगता तसं सांगा. तुम्ही छाती पुढे काढून उभे राहिलात. "मॅडम, किंग हाऊस. बिग वॉटर. नाऊ नो वॉटर." मी पोट धरून हसले. मग तुम्ही आणखी बोललात, राजाच्या बोटीचं, राणीच्या हमामखान्याचं, निम्मं त्यातलं तुमच्या पदरचं असणार. मी हसतेय म्हणून तुम्ही थांबत नव्हतात. आता कधीतरी स्वैपाक करताना ते इंग्रजी कानात येतं. हातातलं काम काही थांबत नाही.

भिंगारच्या बाजारात कासाराचं दुकान दिसलं. मी म्हटलं, आप्पा, बांगड्या घेऊन द्या ना. बाजारात मात्र तुम्ही मला कधी नाही म्हणत नव्हतात. त्या दिवशी म्हणालात, "बांगड्या नगं. दुसरं काय बी माग." मी हट्टानं दुसरं काहीच मागितलं नाही, तर तुम्ही चांभाराकडून चपलांचा जोड घेऊन आलात. माझ्या पायाला मोठा होता. "हू दे, चालाय लागलं की बसतील," म्हणालात. मी पुढच्या वळणापर्यंत तोंड फुगवून बसले होते.

मग चांदबिबीचा महाल. डोंगराच्या पायथ्याशी घोडा सोडला आणि आपण चालत वर गेलो. कमानीत वारा इतका की पदर धरून ठेवावा लागत होता. खाली सगळं नगर दिसत होतं, आपली गल्ली कुठली ते काही ओळखू येईना. तुम्ही म्हणालात, "खरं तर हा महाल न्हाई, कुणा सरदाराची कबर हाय. पर सायबाला महालच सांगावा लागतो, न्हाईतर तेंची तोंडं उतरत्यात." मी फडकं सोडलं. भाकरी, ठेचा, कांदा. "आदी जेवून घे," म्हणालात, आणि मी जेवत असताना माझ्या हाताकडे बघत राहिलात. आणखी घे, आणखी घे. तुमची भाकरी तुम्ही घोड्यासाठी बांधून ठेवलीत. आपल्याकडे रीत आहे, माणूस वाईट बातमी घेऊन आला तरी घरच्यांना आधी दोन घास खाऊ देतो आणि मग तोंड उघडतो, कारण एकदा बातमी फुटली की चूल पेटत नाही. एका जेवणापुरती मुदत असते ती. तुम्ही ती दिवसभर ताणलीत. त्या पहाटेच्या गाडीनं बेलापूरहून माझे चुलतसासरे हीच बातमी घेऊन उतरले होते आणि तुमच्याच टांग्याशी आले होते. त्यांना तुम्ही धर्मशाळेत बसवून ठेवलंत, दिवस कलल्याशिवाय घरी येऊ नका म्हणून हात जोडलेत.

ऊन तांबूस झालं तसे तुम्ही खाली उतरायला लागलात. मी म्हटलं, थांबू ना थोडं. "न्हाई, आता जायाला पायजे. बेलापूरचं पावणं आलं असतील." माझ्या मनात आलं, हे रजेवर आलेत आणि मला न्यायला माणूस आलाय. मी टांग्यात केस नीट केले, पदर नीट घेतला, चेहरा पुसला. तुम्ही मागे वळून एकदा बघितलंत आणि घोड्याला चाबूक दिलात. तुम्ही त्याला सहसा मारत नव्हतात.

घराच्या अलीकडे तुम्ही टांगा थांबवून मला उतरवलंत आणि रस्त्यातच सांगितलंत. "जावईबापू गेलं, बाय. सकाळीच कळलंय." मी विचारलं, मग घोड्याला पाणी पाजायचं का? असं मी विचारलं, हे मला चांगलं आठवतं. पुढे दारात बायका जमलेल्या होत्या. पुढचं सगळं रीतीप्रमाणे झालं.

मग बोलणी सुरू झाली. नवरा मेला आणि ही कुंकू लावून महाल बघत हिंडली. सासरच्यांनी सांगितलं, आमच्या माणसाला धर्मशाळेत कोंडलं, आता पोरगी तुमच्याकडेच ठेवा. आई तुम्हाला मरेपर्यंत बोलत राहिली, "तेवढं तरी येळेवर सांगायचं हुतं." तुम्ही मला शाळेत घातलंत, मी मास्तरीण झाले. घोडेगावला माझी बदली झाल्यावर तुम्ही एकदा बाजाराच्या दिवशी आलात, स्वैपाकघरात पाटावर बसलात आणि शेंगा सोलता सोलता मधेच विचारलंत, "तवा चुकलं का गं माझं?" मी विचारलं, चहात साखर किती घालू? मला टाळायचं नव्हतं, आप्पा. तुम्ही म्हणालात, "घाल तुझ्या हिशेबानं." पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

लोक म्हणतात, अशा वेळी मनाला कळतं. मला काही कळलं नव्हतं. तिकडे ते मातीत गेले होते आणि मी पोटभर जेवले, हसले, रुसले. त्यांचा चेहरा आता मला आठवत नाही. फोटो कधी काढलाच नव्हता. त्यांच्या तिथीला मी पान वाढते, हात जोडते, आणि डोळ्यांपुढे येता ते तुम्ही, कोरड्या तळ्यात छाती काढून उभे. हे आईला सांगता आलं नसतं. तुम्हालाही समोरासमोर सांगता आलं नसतं. हा कागदही मी चुलीतच घालणार आहे. पण तुम्ही विचारलं होतंत म्हणून लिहिते. चुकलं नाही तुमचं. मला तेव्हा डोंगरावरून खाली यायचं नव्हतं, एवढंच.