लवंग कुठंय?

३ मार्च

लवंग नाही!

नव्या मसाला बिअरची आज पहिली चव. आमच्या कारखान्यातली रीत ठरलेली – आधी बाबा घोट घेणार, बोलणार, मग बाकीचे. बाबांनी डोळे मिटले. ‘लवंग मागून हळूच येते. सुरेख.’ लगेच दादा म्हणाला, हो, अगदी मागून. वहिनीलाही आली. हिशेबनिसाच्या तर घशापर्यंत पोचली म्हणे. मला संत्र्याची साल, थोडा कडवटपणा, फेस. बस्स! मला नाही लागत, म्हटलं. सगळे असे बघायला लागले जणू मी कुणाच्या ताटावर शिंकले.

पुढच्या महिन्यात बाबा चवीची खुर्ची, म्हणजे पहिला घोट घेऊन निकाल द्यायचा मान, मला देणार होते. होते!

४ मार्च

उठल्या उठल्या लवंगांची बरणी उघडली. वास भसकन नाकात. मिरीचा येतो, साबणाचा येतो, दादाच्या मोज्यांचा तर नको इतका येतो. मग बिअरमध्येच का नाही?

५ मार्च

डॉक्टर म्हणाले, नाक ठणठणीत आहे. हायसं वाटायच्या ऐवजी धास्तीच वाढली. नाक ठीक म्हणजे खोट जिभेत. किंवा डोक्यात.

घरी आले तर जिन्यातच जळका वास. धावत वर गेले. तव्यावर पाव काळाठिक्कर, आणि बाबा शेजारीच स्टुलावर पेपर वाचत! वाचायला बसले की यांना जगाची शुद्ध नसते. चांगली ओरडले. त्यांनी उठून खिडकी उघडली.

६ मार्च

बाबा फार मऊ आवाजात म्हणाले, खुर्चीचं एखाद वर्षानं बघू. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं.

दुकानदारांसाठी शिफारस लिहायचं काम मात्र माझंच. लिहिलं – ‘गार संध्याकाळी जरूर घ्या. शेवटी लवंग दरवळते.’ माझ्याच हातानं! लाज वाटली.

७ मार्च

हादरलेय.

दादा टाकी रिकामी करून मसाल्याची पोटली काढायला गेला. पोटलीच नाही! कपाटात सापडली – दोरी बांधलेली, कोरडी, लवंगांनी गच्च. टाकीत सोडलीच नव्हती. त्याला वाटलं वहिनीनं सोडली, तिला वाटलं यानं.

‘मग तुला लवंग लागली कशी?’

‘बाबा म्हणाले, म्हणून वाटलं लागली.’ मान खाली. वहिनीचंही तेच.

म्हणजे मी बरोबर होते! नाचावंसं वाटलं. पोटली उचलली आणि बाबांना दाखवायला पळत सुटले. घराच्या जिन्यात तो काळाठिक्कर पाव आठवला. जळका वास मला इथवर आला होता, आणि बाबांना शेजारी बसून नाही.

७ मार्च, संध्याकाळ

पोटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी चाचपली. ‘कोरडी आहे,’ म्हणाले. नाकाशी नेलीच नाही.

कधीपासून, विचारलं. बरेच दिवस झाले, म्हणाले. मला रडू आलं.

‘पुढच्या चवीला आधी तू बोल. मी तुझ्यामागून बोलेन.’