बावन्न मजल्यांचा ओळंबा

आप्पा, ओळंब्यात आहे! बावन्नच्या बावन्न मजले! कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालंय, म्हणून लिहायलाच बसले. मुंबईत नुसती ऑफिसंच ऑफिसं आहेत त्या भागात आमचा टॉवर उभा राहिलाय, आणि लिफ्ट ज्या पोकळीतून धावणार ती सरळ ठेवायची जबाबदारी माझ्यावर. प्रत्येक मजल्याच्या कागदावर तुमच्या लेकीची सही आहे. आज लिफ्टवाल्यांनी गच्चीवरून तार सोडली, खाली हे एवढं वजन बांधून. म्हणजे तुमचा ओळंबाच की! मी तळाशी उभी. पोकळी वाकडी निघाली तर भिंती फोडाव्या लागणार आणि माझी नाचक्की. वजन डुलतंय, थांबायचं नाव नाही. मॅनेजरसाहेब घायकुतीला आलेले. "मॅडम, धरून थांबवू का?" म्हणत त्यांनी हात पुढे केला आणि मी ओरडले, "हात लावायचा न्हाई! त्याचं त्याला थांबू दे!" तुम्ही मला शंभरदा बजावलेलं वाक्य, तेही तुमच्याच बोलीत. साहेब दोन पावलं मागे. वजन थांबलं, मापं घेतली, आणि मी अशी उडी मारली की हेल्मेट घरंगळत गेलं.

मग एकदम तुम्ही बांधत होता ती कराडच्या दुकानदाराची माडी आठवली. तुम्ही वर परांचीवर, ओळंब्याचा गोळा भिंतीला टेकतो का ते बघायला मी खाली. संध्याकाळी औंधच्या यात्रेला न्यायचं तुम्ही कबूल केलेलं, आणि वाऱ्यानं गोळा काही थांबेना. वरून तुम्ही विचारताय, "वळंब्यात हाय का गं पोरी?" मी म्हणतेय, "हाय, हाय! आवं चला की आता!" दुसऱ्या दिवशी तुम्ही भिंतीकडे बघितलंत, ती वाकडी गेलेली, आणि लगेच वरचे थर उतरवायला घेतलेत. दुकानदार चारचौघांत नको ते बोलला. तुम्ही एवढंच म्हणालात, "माझी नजर चुकली, मालक." त्यानंतर तुम्ही प्रत्येक भिंत दोन-दोनदा तपासायचात. स्वतःच्या नजरेवरचा तुमचा भरवसाच उडाला, तो शेवटपर्यंत.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते वहीतच राहील. पण लिहून ठेवते. तुमची नजर चुकली नव्हती, आप्पा. गोळा मी दोन बोटांत धरला होता. यात्रेत पाळण्यात बसलो तेव्हाच सांगणार होते. परांचीवर बिनघोर चालणारे तुम्ही, पाळणा वर गेल्यावर माझा हात घट्ट धरून बसलात. तेव्हा सांगता आलं असतं. पण मला अजून एक फेरी हवी होती, म्हणून गप्प बसले.