हात धुवायचं पाणी

सावाई बेट, सामोआ

फीलीपो मामा,

घराण्याची सरदारकी तुम्ही हयातीतच माझ्या हाती दिलीत, तेव्हा सगळे म्हणाले, "म्हातारा आता आराम करणार."

काल गावसभेत आम्हा सरदारांची जेवणं उरकली आणि हात धुवायचं पाणी घेऊन आलेल्या, सरदारकी नसलेल्या पोरांच्या रांगेत तुम्ही! सत्तरी उलटलेले. माझ्यापुढे वाकलात आणि पाणी चटईवर सांडलं. लहानपणी माझ्याकडून असं सांडलं की तुम्ही खेकसायचात, "मोठा कधी होणार रे तू?"

सभा हसली. तुम्हीही हसलात.

"सांभाळून घ्या, सरदार. नवीन आहे, शिकेन हळूहळू."

हे पत्र तुम्हाला देणार नाही, मामा. डोळे पुसत लिहिलंय हे कळलं, तर पुन्हा तेच विचाराल.

तुमचाच,
विलिआमु