मोसंबी लावू का तूर

दादा,

माझंही ऑपरेशन झालं. तुमचंच दुखणं, प्रोस्टेटचा कॅन्सर. बाप तसा बेटा, असं माय आता असती तर म्हणाली असती. तब्येत बरी आहे. लिहायला बसलो ते दुसऱ्याच गोष्टीसाठी.

औरंगाबादच्या त्या डॉक्टरांची खोली मला अजून दिसते. तुमचे टाके नुकतेच निघालेले. डॉक्टर सांगताहेत की गाठ काढली, पण कापलेल्या कडेपर्यंत रोग पोचलेला दिसला, म्हणून तो लवकर उलटायची भीती जास्त. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. आकडा शून्याजवळ राहिला तर ठीक, चढायला लागला तर रोग परतला असं धरायचं. तुम्ही टोपी मांडीवर ठेवून सगळं ऐकून घेता आणि विचारता,

"साहेब, एवढंच सांगा. औंदा मोसंबी लावू का तूर?"

मला वाटलं, डॉक्टर हसतील. त्यांनी मोसंबीला फळ कधी धरतं ते विचारलं. पाच वर्षं तरी लागतात, तुम्ही म्हणालात. त्यांनी रिपोर्ट मिटून बाजूला ठेवला.

"मग तूर लावा, काका."

एसटीनं आपण गावी, धावड्याला परतलो. दुसऱ्या आठवड्यात मोसंबीची रोपं घेऊन आलात. माय रडकुंडीला आली, डॉक्टरनं काय सांगितलं अन् तुम्ही काय करून राह्यले म्हणाली. तुम्ही रोपाभोवतीची माती पायानं दाबत होतात.

"त्यानं बराबर सांगितलं. पण खड्डे खंदून ठेवलेत उन्हाळ्यात. ते काय बुजवू?"

आकडा वर्षाच्या आतच चढला. मी रिपोर्ट घेऊन आलो की तुम्ही मोंढ्यातला भाव विचारावा तसं 'चढला का' एवढंच विचारायचात आणि पाणी द्यायला निघून जायचात. पहिला बहार तुम्ही पाहिला नाही. मायनं त्यातली टोपलीभर मोसंबी राजूरच्या गणपतीला नेली. पुढे एका कोरड्या वर्षी ती बाग वाळली.

माझं तुमच्यापेक्षा बरं निघालं. कडा साफ आहेत, लवकर उलटायचं लक्षण दिसत नाही, असं डॉक्टर म्हणाले. यंदा वरच्या वावरात नव्या मोसंबीसाठी मीही खड्डे खणून, शेणखत भरून ठेवले होते. डॉक्टरांना मी काही विचारलंच नाही. घरी आलो, खतासकट खड्डे बुजवले आणि तूर पेरली. भीती वाटली, दादा, दुसरं काही नाही.

पहिला आकडा शून्याजवळच आला. तूरही चांगली आहे. फक्त खड्डे होते तिथं ती हातभर जास्त उंच वाढली आहे, बांधावरून एकेक जागा ओळीनं दिसते. कुणी विचारलं तर खत कमीजास्त पडलं म्हणून सांगतो. तुम्हाला ही सबब सांगून चाललं नसतं.