माझ्या डोक्याची व्यवस्था

मी, शरीररचनाशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दडपणाला भीक न घालता हे मृत्युपत्र लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ते डॉक्टर माझेच विद्यार्थी, तेव्हा त्यांच्या बुद्धीची हमी मी देते.

राहते घर व बँकेतील ठेवी माझ्या एकुलत्या एका मुलास, विनाअट. हा शब्द वकीलसाहेबांनी खोडू नये.

माझा देह कॉलेजच्या शरीररचना विभागास. पैकी डोके केवळ त्यातील स्वायत्त मज्जातंतू दाखवण्यासाठी वापरावे. आपल्याला न विचारता डोळ्यातली बाहुली लहान करणारे, डोळ्यांत आणि तोंडात पाणी आणणारे हे तंतू. त्यांच्या वाटेत दर बाजूला मज्जापेशींच्या चार बारीक गाठी असतात. डोळ्यामागची तर टाचणीच्या डोक्याएवढी, नवखी पोरं तिला चरबीबरोबर फेकून देतात. चारही गाठी तंतूंसकट अखंड सोडवून दाखवणारी आमच्या विभागात मी पहिली. ही बढाई नव्हे. म्हणजे आहे, पण खरी आहे.

माझी चिमटे-सुयांची पेटी आमच्या माजी विभागप्रमुखांस. कानाजवळची गाठ ते जन्मभर बाहेरून जबडा कापत शोधत राहिले आणि "या देहात ती नाहीच," असं ठोकून देत राहिले. अहो सर, ती जबड्याच्या नसेच्या आतल्या अंगाला असते! मी डोकं मधोमध कापून आतून गेले आणि भर वर्गात ती दाखवली. सरांनी चष्मा पुसला आणि तास संपल्याचं जाहीर केलं. पेटी त्यांनी वापरावी, अजून वेळ गेलेली नाही.

आता मुलाविषयी. देहदानाचं नाव काढलं की तो ताटावरून उठतो. "आई, पोरं तुझ्या तोंडावर सुरी चालवणार आणि मी कागदावर सही करू?" हो रे बाळा, कर. मी गेल्यावर तू अडून बसलास तर माझं काही चालणार नाही, म्हणून आत्ताच भांडून घेते. घर ही लाच नाही. ज्या टेबलापाशी मी ताठ मानेनं जगले, तिथे मला जाऊ दे. नाही म्हणालास तर फार वाईट वाटेल मला.

ठिकाण: राहते घर
दिनांक: १४ मार्च २०२६
मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार:
१. शेजारचे शिंपीकाका (सही)
२. विभागातील ग्रंथपालबाई (सही)

वारसाचे म्हणणे, त्याच्याच अक्षरात: "संमती आहे. पोचवायला मी स्वतः येईन. तिथे कुणी तिला 'बॉडी' म्हणायचं नाही. मॅडम म्हणायचं." (सही)