काकांच्या मांडीवर माझी पर्स

मंगळवार संध्याकाळ, अर्विंग, अमेरिका

डावं मनगट फ्रॅक्चर झालंय, पण दुखण्यापेक्षा राहून राहून एकच डोक्यात येतंय. मी खोटं का बोलले?

दुपारी दुकानात वरच्या शेल्फवरून कणकेची बॅग काढताना शिडीवरून पडले. मालक, ज्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो, दुकान तसंच सोडून मला क्लिनिकमध्ये घेऊन गेले. माझी पर्स मांडीवर धरून शेजारी बसले होते. नर्सने विचारलं, कामावर लागलं का? मी म्हणाले, नाही, घरी. काकांनी तसं सांगायला सांगितलं नव्हतं. ते नुसते पर्सकडे बघत राहिले.

सुनील घरी आल्यापासून चिडलाय. "कामावर लागलं तर खर्च दुकानाकडे मागता येतो. उद्या क्लिनिकला खरं सांग आणि काकांना ईमेल कर, लेखी राहील. नंतर तुझा नवरा सोडून कोणी विश्वास ठेवणार नाही." पटतंय. पण माझी पर्स सांभाळत बसलेल्या माणसाला असला ईमेल लिहायचा कसा? आणि ते गप्प का बसले? संकोचाने, की सोयीचं होतं म्हणून?

आत्ताच काकूंचा फोन येऊन गेला. मी पडले तेव्हा काउंटरवरून धावत येऊन बर्फ त्यांनीच लावला होता.

म्हणाल्या, "अगं, घरी कशी काय पडलीस?"